बिळाची मालकीण

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, मेक्सिकोच्या सरहद्दीपासून मोटारीने तासाभराच्या अंतरावर टूसॉन नावाचे शहर आहे. चारी बाजूंना डोंगर आणि मधल्या सपाटीवर बसकी, मातीच्या रंगाची घरे. हे नाव तिथल्या मूळच्या ओओधाम लोकांच्या भाषेतले असून त्याचा अर्थ काळ्या टेकडीचा पायथा असा होतो. आमचा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त अकरा वर्षांपासून तिथे राहतो. दुल्हनचे दुसरे बाळंतपण ऑगस्टमध्ये होते आणि तिच्या माहेरून कोणी येऊ शकत नव्हते. म्हणून आम्ही दोघांनी शाळेतून बिनपगारी रजा काढली आणि जुलैच्या सुरुवातीला तिथे पोहोचलो.

वाळवंट म्हटले की डोळ्यांसमोर नुसती वाळू येते. सोनोरा वाळवंट तसे नाही. ते हिरवे आहे, पण काटेरी हिरवे. सवारो नावाचे निवडुंग तिथे ताडासारखे उंच वाढतात. त्यांना बाजूचा पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षे लागतात. मेस्किटची झाडे तर पाहताक्षणी ओळखीची वाटली. आपल्या सोलापूर जिल्ह्यात रस्त्याच्या कडेला, ओढ्यात, पडीक रानात माजलेली वेडी बाभूळ ही याच कुळातली. तिचे बी अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आले. आपल्याकडे ती पाहुणी येऊन घरमालकीण झाली. तिथे मात्र ती आपल्या जागी आहे आणि तिच्या शेंगांचे पीठ तिथले मूळ रहिवासी पिढ्यान् पिढ्या खात आले आहेत.

आम्ही गेलो तेव्हा पारा चाळिशीत होता आणि सारे शहर आभाळाकडे डोळे लावून बसले होते. त्या पावसाला तिथे ‘मान्सून’च म्हणतात. जून मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत त्याचा हंगाम. हा शब्द अरबी ‘मौसिम’वरून आलेला. अरब खलाशी ज्या शब्दाने आपल्या समुद्रावरचे वारे ओळखत, तोच शब्द युरोपच्या भाषांतून फिरत फिरत ॲरिझोनाच्या वाळवंटात पोहोचला. उर्दू शिकवण्यात उमर गेलेल्या माणसांना अशा ठिकाणी हटकून वर्ग आठवतो. वर्षभरात तिथे पाऊस पडतो तो जेमतेम अकरा-बारा इंच. त्यातला जवळपास निम्मा या हंगामात. दुपारी ढग गोळा होतात, धुळीचा लोट उठतो आणि अर्ध्या तासात कोरडा ओढा दुथडी भरून वाहू लागतो. मग क्रिओसोट नावाच्या झुडपाचा उग्र, औषधी वास साऱ्या गावावर पसरतो. तिथल्या लोकांना तोच पावसाचा वास.

आणि याच पावसाबरोबर टॅरेंटुला बाहेर पडतात.

भावाच्या घरामागे कुंपणाने वेढलेले अंगण आहे. हिरवळ नाही, बारीक खडी आणि कोपऱ्यात एक मेस्किट. त्या झाडापासून दोन हातांवर जमिनीत एक भोक होते. ते आमच्या सहा वर्षांच्या पुतणीने शोधले आणि घरात तणाव सुरू झाला. पहिल्या पावसाच्या आदल्या रात्री भाऊ कचरा टाकायला गेला असता टॉर्चच्या उजेडात त्या भोकाच्या तोंडाशी त्याला केसाळ पाय दिसले. दुल्हनला आठवा महिना सरत आलेला. तिने एकच वाक्य उच्चारले, “भाईजान, इसकू पहले निकालो, फिर बच्चा घर में आइंगा.”

तिची भीती पोकळ नव्हती. दोनच महिन्यांपूर्वी न्हाणीघरात तिला विंचू सापडला होता. बारीक, पिवळसर, भिंतीवर चढणारा. तो तिथला बार्क विंचू. त्याचा दंश लहान मुलाला खरोखर भारी पडू शकतो. अशा घरात अंगणात तळहाताएवढा कोळी राहत असेल तर कोणती आई स्वस्थ बसेल? फवारणीवाल्याला फोन झाला होता. तो आठ दिवसांनी येणार होता. बिळात पावडर टाकून वर माती लोटू, पाच मिनिटांचे काम, असे त्याने सांगितले होते. भावाचा जीव दोन्हीकडे ओढत होता, कारण लेकीने त्या बिळाभोवती रंगीत खडे मांडायला केव्हाच सुरुवात केली होती. शेवटी असे ठरले की, आठ दिवस हाताशी आहेत, तेवढ्यात हे भोक नक्की कोणाचे आहे ते पाहायचे आणि मग फैसला करायचा.

बिळाची ओळख बिळाच्या तोंडावरून सुरू होते. हे भोक गोल होते, आपल्या दहा रुपयांच्या नाण्याहून थोडे मोठे, म्हणजे दीडेक इंचाचे. काठ स्वच्छ, घासून काढल्यासारखा. उंदीर, खार किंवा घूस बीळ करते तेव्हा बाहेर मातीचा ढीग पडतो, वाट मळते, लेंड्या दिसतात. इथे तसे काही नव्हते. साप स्वतः असे नेटके बीळ करत नाही, तो दुसऱ्याच्या बिळात शिरतो. झाकणवाला कोळी म्हणून एक जात आहे, ती बिळावर बिजागरीसारखे झाकण बसवते. इथे झाकणही नव्हते. मात्र वाकून तिरप्या उन्हात पाहिले तेव्हा तोंडाच्या कडेने रेशमाचे तलम धागे बाहेर जमिनीवर पसरलेले दिसले. सूर्य वर चढल्यावर तर तोंडावर मलमलीसारखा पातळ पडदाच ओढलेला होता. ही टॅरेंटुलाच्या घराची पक्की खूण. दिवसा पडदा लावलेला असेल तर मालकीण आत आहे असे समजावे.

मालकीणच म्हणायचे, मालक नव्हे. मराठीत कोळी पुल्लिंगी, उर्दूत मकडी स्त्रीलिंगी. या जातीपुरता उर्दूचा कौल खरा आहे, कारण वर्षानुवर्षे एकाच बिळात नांदते ती मादी. धाग्यांचा उपयोगही तिला वेगळाच. आपल्या घरातला कोळी जाळे विणून शिकार अडकवतो. ही जाळे लावत नाही. बाहेर पसरलेले धागे म्हणजे तिची दाराची कडी. नाकतोडा, भुंगा किंवा झुरळ त्यावरून चालले की धागा थरथरतो, आत तिच्या पायांना ते कळते आणि ती झडप घालते. तिला आठ डोळे असतात, पण ते डोक्यावरच्या एका बारीक उंचवट्यावर दाटीवाटीने बसलेले आणि नजर अधू. तिचे सारे जगणे स्पर्शावर.

रात्री नऊनंतर आम्ही टॉर्चवर लाल कागद बांधून खुर्च्या टाकून बसू लागलो. पुतणीला अट एकच, बोलायचे नाही आणि पाय आपटायचे नाहीत. पाय आपटला की तिला आत भूकंप जाणवतो. पहिली रात्र वाया गेली. दुसऱ्या रात्री पडदा फाटलेला दिसला आणि थोड्या वेळाने आधी दोन पाय, मग चार, मग सारे शरीर तोंडाशी येऊन थांबले.

पुतणी कानात कुजबुजली, “बडे अब्बा, दहा पाय आहेत.” तिने मोजले ते बरोबर होते आणि नव्हतेही. कोळ्याला पाय आठच. पण टॅरेंटुलाच्या तोंडाजवळच्या दोन सोंडा पायांइतक्याच लांब दिसतात, म्हणून पाहणाऱ्याला दहा वाटतात. पाय पसरून ती चार-पाच इंच भरेल. पाय आणि पाठीवरचे कवच फिकट, वाळलेल्या गवताच्या रंगाचे, जवळजवळ सोनेरी. मागचे पोट मात्र गडद तपकिरी आणि त्यावर लांब तांबूस केस. फिकट पुढचा भाग आणि काळपट पोट ही जोडी पाहिली, त्यात ठिकाण टूसॉनची सपाटी, तेव्हा शंका उरली नाही. हिला तिथले लोक ‘ॲरिझोना ब्लाँड’ किंवा ‘वेस्टर्न डेझर्ट टॅरेंटुला’ म्हणतात. शास्त्रीय नाव अफोनोपेल्मा कालकोडिस. राल्फ चेंबरलिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९४० साली तिला हे नाव दिले. ‘चाल्कोस’ म्हणजे ग्रीक भाषेत तांबे. सोनेरी मादीला तांब्याचे नाव का, असे वाटेल. त्याचे उत्तर नर पाहिल्यावर मिळते.

नर आम्हाला चार दिवसांनी भेटला. पहिला मोठा पाऊस होऊन गेला होता आणि आम्ही संध्याकाळी सवारो राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम भागातून परतत होतो. भावाने एकदम गाडी बाजूला घेतली. ओल्या डांबरावरून एक लांबलचक पायांचा कोळी संथ पावले टाकत चालला होता. अंग सडपातळ, पाय काळे, पोटावर तांबूस केस आणि पाठीचे कवच घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखे. मादीशेजारी ठेवला तर कोणी एका जातीचे म्हणणार नाही. नराची आणखी खूण म्हणजे पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला बारीक आकडे असतात आणि तोंडाजवळच्या सोंडांची टोके बोंडासारखी फुगलेली असतात.

या नराची कहाणी ऐकली की रस्त्यावर दिसलेल्या कोळ्याकडे पाहण्याची नजर बदलते. आठ-दहा वर्षे तोही आपल्या बिळात मादीसारखाच राहतो. मग एका उन्हाळ्यात शेवटची कात टाकून वयात येतो, बीळ सोडतो आणि पुन्हा घरी येत नाही. पावसाच्या दिवसांत तो रात्रंदिवस माद्यांची बिळे शोधत फिरतो. बिळाच्या तोंडाशी पायांनी टकटक करतो. ती बाहेर आली तर पुढच्या आकड्यांनी तिचे सुळे अडवून धरतो, कारण तिचा विचार भलताही असू शकतो. त्या एका मोसमानंतर तो फार तर काही महिने जगतो. मादी मात्र वीस-वीस वर्षे आणि त्याहूनही जास्त जगते, दरवर्षी कात टाकत, त्याच बिळात. म्हणून ॲरिझोनात जुलै ते सप्टेंबर रस्त्यावर दिसतो तो बहुतेक नरच असतो, आणि मोटारीखाली जातो तोही तोच. भाऊ गाडीचे मागचे दिवे लुकलुकत ठेवून उभा राहिला. त्याला पलीकडच्या झुडपात पोहोचायला पाच मिनिटे लागली. मागे एक ट्रक थांबला होता, त्या चालकाने एकदाही भोंगा वाजवला नाही. हे आम्ही मुद्दाम लिहितो आहोत.

घरी मात्र प्रश्न ओळखीचा नव्हता, धोक्याचा होता. त्याबद्दल जे खरे आहे ते असे. या कोळ्याला विष आहे, सुळेही आहेत, पण चावा मधमाशीच्या डंखाइतपत. शिवाय चावणे हा तिचा शेवटचा उपाय. आधी ती आत पळते. पळता आले नाही तर मागच्या पायांनी पोटावरचे केस झाडून शत्रूवर उडवते. त्या केसांना सूक्ष्म काटे असतात. कातडीला लागले तर खाज आणि पुरळ, डोळ्यांत गेले तर मात्र डॉक्टर गाठावा लागतो. एखाद्या टॅरेंटुलाच्या पोटावर मागे टक्कल दिसले तर तिने नुकतेच कोणावर तरी केस उडवले असे समजावे. हे शस्त्र फक्त अमेरिका खंडातल्या टॅरेंटुलांकडे आहे. आपल्या भारतातल्या टॅरेंटुलांना हे केस नसतात, ते सरळ चावतात आणि त्यांचा चावा अधिक त्रासदायक असतो. तेव्हा तिथे जे शिकलो ते सह्याद्रीत लागू करू नये.

तिला हातावर घेऊन फोटो काढण्याची तिथे काही तरुणांत हौस आहे. ती आम्हाला पटली नाही. माणसाच्या डोळ्यांची काळजी बाजूला ठेवली तरी, हातभर उंचीवरून पडली तरी तिचे मऊ पोट फुटते आणि ती मरते. राष्ट्रीय उद्यानात तर तिला पकडायला बंदीच आहे.

तिचे खरे शत्रू वेगळे. शहराबाहेर ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियम आहे, १९५२ साली सुरू झालेले. म्युझियम म्हणायचे, पण बहुतेक उघड्यावरच. तिथल्या पाऊलवाटेवर फुलांवर बसलेली एक गांधीलमाशी पाहिली. अंग निळे-काळे, पंख नारिंगी, लांबी माणसाच्या बोटाच्या दोन पेरांएवढी. हिला टॅरेंटुला हॉक म्हणजे टॅरेंटुलाचा ससाणा म्हणतात. ती स्वतः मध पिते. पण अंडे घालायचे झाले की टॅरेंटुलाला गाठून डंख मारते, तिला लुळी करते, ओढत बिळात नेते आणि तिच्या अंगावर एक अंडे घालून तोंड बंद करते. अळी त्या जिवंत कोळ्यावर वाढते. टूसॉनचेच जस्टिन श्मिट म्हणून एक कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांनी माश्यांचे आणि मुंग्यांचे डंख स्वतः सोसून वेदनेची मोजपट्टी तयार केली. या माशीला त्यांनी सर्वांत वरची, म्हणजे चौथी पायरी दिली. एवढा मोठा केसाळ कोळी आणि त्याला घाबरवणारी एक माशी!

ओळखीबद्दल एक गोष्ट राहिली. अमेरिकेत या कुळातल्या टॅरेंटुलांना पूर्वी पन्नासहून अधिक नावे दिली गेली होती, आणि दिसायला त्या इतक्या सारख्या की तज्ज्ञही चकत. २०१६ साली तीन संशोधकांनी रूप, ठिकाण आणि जनुके अशी तिन्ही बाजूंनी छाननी करून ही संख्या एकोणतीसवर आणली. त्यातल्या चौदा जाती नव्याने ओळखलेल्या होत्या. टूसॉनच्या उत्तरेला दिसणाऱ्या सांता कॅटालिना डोंगरांत राहणारी त्यांतली एक, तिचे नावच कॅटालिना. म्हणजे शहरातून जो डोंगर रोज दिसतो, त्यावरचा कोळी २०१६ पर्यंत बिननावाचा होता. म्हणून नुसता फोटो पाहून जात ठरवू नये. सपाटी की डोंगर, महिना कोणता, आकार केवढा हेही विचारावे. काही छोट्या, काळ्या जातींचे नर पावसात नव्हे, थंडीच्या तोंडावर फिरतात.

हे सारे दुल्हनला ऐकवले. शिवाय आमच्या दादीची आठवणही निघाली. दादी घरातला कोळी मारू देत नसे. हिजरतच्या वेळी सौर गुहेच्या तोंडाशी कोळ्याने जाळे विणले, ही कथा ती दरवेळी सांगे. कुरआन शरीफमधील एका सूरहचे नावच अल्-अन्कबूत आहे, हेही आम्ही तिच्याच तोंडून प्रथम ऐकले होते. दुल्हनने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “दादीचा कोळी नखाएवढा होता, भाईजान. हा तळहाताएवढा आहे.” यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. उत्तर तिनेच शोधले. सहाव्या रात्री ती स्वतः पाठीशी उशी घेऊन खुर्चीवर येऊन बसली. तासभर पाहत राहिली. मालकीण बिळाच्या तोंडापासून वीतभरही दूर गेली नाही. एक झुरळ आले, ते तिने उचलले आणि आत गेली. दुल्हनने विचारले, “ही किती वर्षांची असेल?” एवढ्या आकाराची म्हणजे दहा-बारा तरी असावीत, असे आम्ही म्हणालो. घर घेऊन यांना तीन वर्षे झालेली. ती म्हणाली, “म्हणजे आपण हिच्या अंगणात आलो.”

फवारणीवाला ठरल्या दिवशी आला. दुल्हनने त्याला बिळाकडे जाऊच दिले नाही. त्याऐवजी दारांखालच्या फटी, नळांभोवतीची भोके आणि भिंतीतल्या चिरा बुजवून घेतल्या, विंचवासाठी. अंगणातल्या लाकडांचा ढीगही हलवून टाकला, कारण विंचू तिथे दडतात. रात्री जांभळ्या किरणांची बॅटरी भिंतीवर फिरवली की विंचू हिरवट चमकतो, ती बॅटरी तिने मागवली आणि बाळाच्या खोलीच्या दाराशी टांगून ठेवली. पुतणीला मेस्किटपासून चार हातांवर खड्यांची रेघ आखून दिली. रेघेच्या आत पाऊल नाही, बिळात काडी घालायची नाही, आणि पाणी तर नाहीच.

पुतण्या १९ ऑगस्टला, फजरच्या थोडे आधी जन्मला. त्या आठवड्यात पाऊस इतका झाला की अंगणात पाणी साचले. पुतणीला बाळापेक्षा बिळाची काळजी. पाणी ओसरल्यावर पाहिले तर तोंड नव्याने घासून स्वच्छ केलेले आणि काठाला ताजे धागे.

आम्ही सप्टेंबरात परतलो. नोव्हेंबरच्या अखेरीस पुतणीने फोनवर फोटो पाठवला. खड्यांची रेघ तशीच होती. आत बीळ दिसतच नव्हते, कारण माती, पालापाचोळा आणि रेशीम यांचे बूच लावून मालकिणीने थंडीपुरते दार बंद केले होते. खाली पुतणीने रोमन अक्षरांत उर्दूत लिहिले होते की, ती आता उन्हाळ्याच्या सुमारास उठेल, तेव्हा येताना बडी अम्मीने शेंगाचटणी आणावी.